आखाजीतला पियानो

आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, जवळ आली की अंगणातल्या निंबाला झोका बांधायचा आणि माळ्यावरचा कूलर खाली काढायचा, ही दोन कामं माझी. यंदाही केली. झोक्याला नवा दोर आणला, कूलरच्या गवताच्या जाळ्या बदलल्या, टाकी घासून पाणी भरलं. बटण दाबलं तसा कूलरनं ओल्या गवताचा वास असलेला पहिला वारा तोंडावर फेकला, आणि मी बटण बंद करून चक्क बाहेर उन्हात येऊन उभा राहिलो. आई म्हणाली, "काय झालं रे? करंट लागला का?" मी म्हटलं, "नाही, जाळी नीट बसली नाही." जाळी चांगली बसली होती. त्या वासाबरोबर मला तीन वर्षांपूर्वीचा उन्हाळा आठवतो, आणि तो आठवला की मला त्या खोलीत थांबवत नाही.

आम्ही तापीकाठचे केळीवाले. मुक्ताईनगरहून मोटारसायकलवर अर्ध्या तासात आमचं गाव येतं. आबा, म्हणजे माझे वडील, केळी लावतात, आणि घरामागे केळी पिकवायच्या दोन थंड खोल्या आहेत. मी शेतीत रमलो नाही. माझं मोटारी रिवाइंड करायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की लोक माझ्याकडे आणतात. मी ती उघडतो, जळकी तार काढतो, नवी भरतो. वीस वर्षं हेच केल्यामुळे माझी एक पक्की समजूत झाली होती की बिघाडाला जागा असते. ती सापडेपर्यंत शोधायचं, सापडली की दुरुस्त करायची आणि मग निवांत चहा प्यायचा. त्या उन्हाळ्यानं ही समजूत माझ्याकडून काढून घेतली. चहा तेवढा अजून पितो.

केळीवाल्याच्या घरात पियानो कसा, हे प्रत्येक पाहुण्याला सांगावं लागतं. माझी धाकटी बहीण मनीषा, घरात मनू, शाळेसाठी भुसावळला मामांकडे राहायची. मामा रेल्वेत होते. त्यांच्या क्वार्टरशेजारी एक म्हाताऱ्या मिस एकट्या राहायच्या, कॉलनीतल्या जुन्या अँग्लो-इंडियन घरांपैकी उरलेल्या शेवटच्या. मनू त्यांच्याकडे इंग्रजी सुधारायला म्हणून जाऊ लागली आणि पियानो शिकून बसली. इंग्रजी यथातथाच राहिलं. मिस भाच्याकडे परदेशी जायला निघाल्या तेव्हा त्यांनी पियानो तिलाच देऊन टाकला. आबांनी तो केळीच्या ट्रकमधून आणला. घड जसे पानांच्या गादीवर बसवतात तसा हिरव्या पानांत बसवून, एक ओरखडा न पडू देता. उतरवताना निम्मं गाव जमलं होतं. कोणी तरी विचारलं, "आबा, हे कपाट कोन्या देवाचं?" आबा म्हणाले, "आमच्या मनूचं."

लग्न होऊन मनू दोंडाईच्याला गेली, तिथं शाळेत शिकवायला लागली. सासरचं घर दुकानावर, जिना अरुंद, त्यामुळे पियानो आमच्याकडेच राहिला. पण आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात. पितरांची घागर भरायची, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, खापरावरचे मांडे आणि आमरस, आणि मग लेकींनी झोक्यावर बसून सासरची उणीदुणी गाण्यातून काढायची. मनूच्या आखाजीत आणखी एक गोष्ट असे. दुपारी जेवणं आटोपली की ती पियानोचं झाकण उघडायची. झोक्यावरच्या बायका ओरडायच्या, "मने, तुही ती मोठी पेटी वाजव वं!" मग झोका थांबायचा. त्यांना त्यातलं काही कळत नसे आणि मलाही नसे, पण घरात आल्यासारखं वाटायचं, आपल्याच घरात.

तीन वर्षांपूर्वी ती आली तेव्हा पिशवीत सांजोऱ्यांच्या डब्याखाली एक फाईल होती. जळगावच्या कानाच्या डॉक्टरांची. डावा कान जवळजवळ गेला होता, उजवा जायच्या वाटेला लागला होता. नस वाळत चाललीय, असं त्यांनी समजेल अशा शब्दांत सांगितलं होतं. किती दिवसांत, ते सांगता येत नव्हतं. पुढे यंत्र लावता येईल, त्यातून माणसांचं बोलणं कळेल, पण वाजवणं पूर्वीसारखं ऐकू येईल याची आशा धरू नका, असंही ते म्हणाले होते. त्याच संध्याकाळी तिच्या सासूचा फोन आला. "काळजी करू नका, बठ्ठं बरं व्हई जाई," सगळं बरं होईल, असं त्या चार वेळा म्हणाल्या आणि पाचव्यांदा म्हणताना त्यांचाच आवाज गेला. आईनं फोन माझ्या हातात दिला आणि ती उगाच चूल सारवायला बसली.

मनू रडली नाही. तिनं पियानोचं झाकण उघडलं, एक पट्टी दाबली आणि आंबट चिंच चावल्यासारखं तोंड केलं. "भाऊ, हा किती उतरलाय रे!" वर्षभर बंद असलेल्या पियानोचे सूर खाली येणं हे दरवर्षीचंच होतं. दरवर्षी ती हसून तसाच वाजवायची. या वर्षी ती स्टुलावरून उठली, माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "माले एकदा मिसनं शिकवलेलं बठ्ठं बरोबर सुरात ऐकायचंय. एकदाच. कानात भरून घेते. मंग जे व्हईल ते व्हईल."

मी म्हटलं, "एवढंच ना? उद्या लावून देतो." मोटारवाल्याची फुशारकी, दुसरं काय.

पियानोच्या आत पाहिलंत तर तो माझ्याच धंद्यातला वाटतो. नुसत्या तारा. एकेका पट्टीमागे दोन-दोन, तीन-तीन, आणि प्रत्येक तारेचं वरचं टोक एका लोखंडी खुंटीला गुंडाळलेलं. दोनशेच्या वर खुंट्या एका जाड लाकडी फळीत ठोकलेल्या असतात. खुंटीला ना नट, ना आटे. लाकूड तिला आवळून धरतं, बस. आणि आमच्या वैशाखात लाकूड कशाला आवळून धरेल? दाराच्या चौकटी भिंत सोडतात, खाटेचे पाय हलायला लागतात. मी लेथवर चौकोनी तोंडाचा पाना करून घेतला, फोनवर सूर दाखवणारं ॲप उतरवलं. बरोबर सुराला त्याचा काटा मधोमध उभा राहतो. दोन दिवस राबून सगळ्या तारा काट्यावर आणल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मनूनं पट्टी दाबली आणि म्हणाली, "उतरला."

नाशिकहून ट्यूनर बोलावला. वयस्कर, अबोल गृहस्थ. दिवसभर लावत होते, जेवायलासुद्धा उठले नाहीत. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "फळी वाळलीय. आज लावून दिला, उद्याचं माझ्याकडे मागू नका." उद्या उतरला.

मग मी एकेक खुंटी काढून, मोटारीच्या खाचांत घालतो तो इन्सुलेशन पेपर तिच्याभोवती गुंडाळून परत ठोकली. खुंट्या घट्ट बसल्या, म्हणून मी आईकडे पेढे मागितले. पण खुंट्यांनी धरलं तर तारांचा आवाज घुमवणारा आतला मोठा पातळ लाकडी पाटा हलायला लागला. त्याच्यासाठी कूलर लावला. कूलरच्या ओलीनं पाटा फुगला आणि सूर चढले. दुपारी लाईट गेली, कूलर बंद पडला, दोन तासांत सूर चढले होते त्याच्याखाली उतरले. खिडक्यांना ओली पोती लावली. पियानोखाली पाण्याच्या बादल्या ठेवल्या. आईला कुरडयांचा चीक त्या खोलीतून नेऊ देत नव्हतो, दार उघडं टाकलं म्हणून आबांवर ओरडलो. आखाजी होऊन गेली, इतर लेकी सासरी परतल्या, झोका सोडला, मनू शाळेची सुट्टी होती म्हणून राहिली. घरात आजारी माणूस असल्यासारखे आम्ही दबक्या पावलांनी वावरत होतो, आणि आजारी माणूस कोण हे कुणी बोलत नव्हतं.

रोज सकाळी तेच. ती स्टुलावर, मी पाना घेऊन तिच्या मागे. ती पट्टी दाबायची, मान जराशी वळवून, उजवा कान पुढे करून ऐकायची आणि म्हणायची, "उतरला." तिचा कान लहानपणापासून असा पक्का होता की मिस म्हणायच्या, हिच्यासमोर चुकीचं वाजवायची मला भीती वाटते. त्यामुळे तिनं उतरला म्हटलं की मी फोन बघतही नसे. पाना लावायचा आणि तिनं "हं" म्हणेपर्यंत फिरवायचा. ती "हं" म्हणायची. दुपारी पुन्हा "उतरला."

तुटलेल्या वस्तूचं एक बरं असतं, ती तुटलेली असते. मोटार जळाली की वास येतो, माणूस समजून चालतो. पण डोळ्यांसमोर नीट होणारी आणि पाठ फिरली की बिघडणारी वस्तू माणसाला आतून खाते. धड आशा सोडवत नाही, धड धरवत नाही. मी त्या दिवसांत दुकानात बसल्या बसल्या चांगल्या चालणाऱ्या मोटारी पुन्हा उघडून पाहायचो. गिऱ्हाइकांवर खेकसायचो. माझा राग पियानोवर होता, उन्हावर होता, विजेच्या मंडळींवर होता. आणि या सगळ्याच्या मागे, हळूहळू, दुसरं काही उतरत चाललं होतं. सुट्टीच्या सुरुवातीला आईनं स्वयंपाकघरातून हाक मारली की मनू दुसऱ्या हाकेला वळायची. मेच्या शेवटी आई हाक मारेनाशी झाली. उठून यायची, तिच्या खांद्याला हात लावायची आणि मग बोलायची. हा बदल कुणी ठरवून केला नाही. एक दिवस माझ्या लक्षात आलं की मीही तसंच करतोय, आणि मी परसात जाऊन हातातला पाना भिंतीवर फेकला. भिंतीचा पोपडा निघाला, तो अजून तसाच आहे.

आता तो पियानो गोदामात रिकाम्या क्रेटच्या मागे उभा आहे. खुंट्यांची फळी वरपासून खालपर्यंत चिरलीय, तारा गंजल्यात, पट्ट्या दाबल्या की दाबलेल्याच राहतात. आबा त्याच्यावर ताडपत्री टाकतात आणि पावसाळ्याआधी ती बदलतात. यंदा मनू आली ती कानात यंत्र लावून. शाळेत तिला आता ऑफिसचं काम दिलंय. मांडे तिनंच केले, खापरावर हात पोळून घेतला, हसली. झोक्यावरच्या बायकांनी तिला मोठ्या पेटीचं विचारलं नाही. ती गोदामाकडे गेली नाही आणि आम्ही कोणी तिकडचं नावही काढलं नाही. गेल्या दोन आखाज्याही अशाच गेल्या. सणासारखा सण होतो, काही कमी पडत नाही, आणि दुपारी जेवणं झाल्यावर घर असं गप्प होतं की मला चप्पल घालून बाहेर पडावं लागतं.

पियानो चिरला तो आमच्याच हातानं. त्यात चूक कुणाची म्हणायची? आम्हाला केळी कळतात. आबांनी महिनाभर माझी धावपळ मुकाट्यानं पाहिली आणि एक दिवस जेवताना म्हणाले, "अरे, याले उन बी सोसत नही, ओल बी सोसत नही. फरक सोसत नही याले. केळाचं काय येगळं असतं? केळाले एकसारखी हवा देतो ना आपन? मंग याले बी तीच दे." मागची पिकवायची खोली तेव्हा रिकामी होती. तिथं दिवसरात्र एकच थंडी, एकच ओल. लाईट गेली तर जनरेटर. मला आबांचे पाय धरावेसे वाटले. त्या ओलीत गंज चढेल, सरस सुटेल, आणि बाहेर काढल्यावर कोरड्या उन्हात फळी फुटेल, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. केळी आत हिरवी जातात आणि पिवळी होऊन बाहेर येतात. आत गेलेलं चांगलंच होऊन बाहेर येणार, असं आम्ही धरून चाललो.

सहा माणसांनी तो घडांच्या ट्रॉलीवरून आत नेला. बाहेर डांबर वितळत होतं आणि आत मी कानटोपी घालून काम करत होतो. मनूला सांगितलं, "टिकला की बोलावतो, तवर येऊ नको." थंडीनं तिचा कान दुखायचा, हेही एक कारण. पहिले तीन दिवस सूर जरा सरकत होते. चौथ्या दिवशी कमी. पाचव्या दिवशी सकाळी मी एकेक पट्टी दाबत गेलो आणि प्रत्येक पट्टीला काटा मधोमध उभा. दुपारी पुन्हा पाहिलं, उभा. सहाव्या दिवशी सकाळीही उभा. त्या थंडगार खोलीत, रिकाम्या क्रेटवर बसून मी ढसाढसा रडलो. इतका आनंद मला माझ्या दुकानाच्या उद्घाटनालाही झाला नव्हता.

मनू आबांचा जुना स्वेटर घालून आली. बाह्या हातावरून खाली लोंबत होत्या, त्या तिनं वर सारल्या. पट्टी दाबली. मान वळवली. दुसरी दाबली, तिसरी दाबली. मग माझ्याकडे पाहून ओशाळल्यासारखी म्हणाली, "भाऊ, हा तर लईच उतरलाय."

मी फोनकडे पाहिलं. काटा मधोमध होता.

नंतर डॉक्टरांनी सांगितलं की नस जाताना असंही होतं, सूर आहे त्या जागेवरून सरकलेला ऐकू येतो. पण मला ते तिथंच, त्या क्षणी कळलं. आणि त्याच्यापाठोपाठ दुसरं कळलं: गेल्या महिनाभरात ती जेव्हा जेव्हा "उतरला" म्हणाली, त्यातलं किती लाकडाचं होतं आणि किती तिचं, हे आता मला कधीच कळणार नव्हतं. कितीदा मी बरोबर लागलेली तार तिच्या शब्दावर बिघडवली असेल. आणि उद्या ती तार कुठं न्यायची? मी महिनाभर चुकीच्या जागी बिघाड शोधत होतो, आणि खऱ्या जागी माझा पाना पोचत नव्हता.

मला तिला सांगायला हवं होतं. मी फोन खिशात टाकला आणि म्हटलं, "हो, उतरलाय जरासा. तू बस. तुझ्या कानानं लावू."

मोटार उघडताना आम्ही खुणा करतो, कोणता भाग कुठं होता ते परत जुळवायला. हाताला तीच सवय. प्रत्येक तार तिच्या "हं" वर आणली की मी लाल रंगानं एक बारीक रेघ मारायचो, अर्धी खुंटीवर, अर्धी फळीवर. सकाळी सुरू केलं ते संपेपर्यंत दुपार उलटून गेली. एकेक बरोबर लागलेली तार मी माझ्या हातानं बिघडवली. शेवटची झाली तेव्हा मनूनं हात चोळून गरम केले आणि वाजवायला लागली. मिसचं सगळं वाजवलं, एकामागून एक. मला संगीत कळत नाही, पण ते ऐकवत नव्हतं. पत्र्याचे डबे जिन्यावरून गडगडत यावेत तसं. आबा दारात आले, त्यांनी काही बोलायला तोंड उघडलं, मी मान हलवली. ते तसेच उभे राहिले, उपरण्यानं तोंड पुसत. मनूचे डोळे मिटलेले होते आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी तिच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. संपल्यावर म्हणाली, "बस, भाऊ. आता उद्या एकदा वाजवते आणि दोंडाईच्याले जाते."

दुसऱ्या दिवशी तिनं पहिली पट्टी दाबली. मान वळवली. पुन्हा दाबली.

"पुन्हा उतरला," म्हणाली.

मी पाना उचलला आणि खुंटीकडे हात नेला. तिनं माझं मनगट धरलं. वाकून खुंटीकडे पाहिलं. मग शेजारच्या, मग तिच्या शेजारच्या. बोटानं लाल रेघांवरून शेवटपर्यंत गेली. खुंटीवरची अर्धी रेघ आणि फळीवरची अर्धी रेघ प्रत्येक ठिकाणी एकमेकींना तंतोतंत भिडलेल्या होत्या.

"खूण तर हालली नही, भाऊ."

खोलीचा मोठा पंखा घरघरत होता. ती स्टुलावर बसली. तिला कानाचं कळलं, ते मी तिच्या तोंडावर पाहिलं. मग तिला त्याच्या पुढचंही कळलं, आणि ते तिच्या तोंडावर येताना पाहणं मला जमलं नाही. मी खाली पाहत होतो तेव्हा तिनं विचारलं, "काल मी वाजवलं, ते तुमाले कसं लागलं?"

"चांगलं," मी म्हणालो.

तिला ऐकू आलं नाही. तिनं उजवा कान माझ्याकडे केला आणि म्हणाली, "काय?"

मी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि तेच पुन्हा, पंख्याच्या वर आवाज चढवून, ओरडून सांगितलं.